पेन्सिलीनं लिहिलेले अर्थ (माहितीपटाचं निवेदन)

[पुणे, अप्पा बळवंत चौक. शटर वर जातात, फुटपाथवर गठ्ठे सुटतात.]

आधी गाइडं बाहेर येतात. मग स्पर्धा परीक्षांचे जाडजूड संच. कथा-कादंबऱ्यांचा गठ्ठा सगळ्यात शेवटी सुटतो, आणि त्यात इंग्रजीत लिहिणारा कादंबरीकार चेतन भगत हमखास निघतो. एकाच कादंबरीच्या चार-पाच प्रती असतात. कोपरे दुमडलेले, शिवण सैल झालेली, कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग.

[एका प्रतीचं पान, अगदी जवळून.]

ही भगतची पहिली कादंबरी, 'फाइव्ह पॉइंट समवन'. छापील ओळींच्या वर पेन्सिलीनं बारीक मराठी अक्षरं आहेत. 'नाखुशीनं'. 'टोमणा'. 'कसाबसा'. पहिल्या वीस पानांत असे अर्थ लिहिलेले नाहीत, असं एकही पान सापडत नाही.

या कादंबरीचं इंग्रजी फार सोपं आहे, अशी तक्रार नेहमी होते. ती करणाऱ्यांनी हे पान पाहावं. सोपं कुणाला?

[प्रतीची मागची बाजू. छापील किंमत.]

ही कादंबरी २००४ साली रूपा प्रकाशनानं काढली. किंमत ९५ रुपये. तेव्हा दुकानातली इंग्रजी कादंबरी सहज याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला असायची. लेखक दिल्लीच्या आयआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला, मग अहमदाबादच्या आयआयएममधून शिकून हाँगकाँगला बँकेत नोकरी करणारा. गोष्ट त्यानं आपल्याच कॉलेजातली घेतली: हरी, रायन आणि आलोक, दहापैकी पाचाच्या आसपास अडकलेली तीन मुलं. छोटी प्रकरणं, छोटी वाक्यं, हॉस्टेलवर बोलतात तशी भाषा. पुढच्या पुस्तकांतही त्यानं आसपासचीच ठिकाणं निवडली. २००५ मध्ये गुडगावचं कॉल सेंटर, २००८ मध्ये भूकंप आणि दंगलीतून गेलेलं अहमदाबाद, २०११ मध्ये वाराणसी, तिथली प्रवेश परीक्षांची धडपड आणि शिक्षणाचा बाजार. भारतात सर्वाधिक खपणारा इंग्रजी कादंबरीकार म्हणून त्याची नोंद 'न्यूयॉर्क टाइम्स'नं २००८ मध्येच घेतली होती.

[सदाशिव पेठ. अभ्यासिका. ट्यूबलाइटखाली वाकलेली डोकी.]

अभ्यासिकेतली बरीच मुलं मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. कॉट बेसिसवर राहतात, डब्यावर जेवतात. आम्ही विचारलं, पहिलं पूर्ण वाचलेलं इंग्रजी पुस्तक कोणतं? उत्तर देताना काही जण आधी हसले. हे नाव सांगायचं की नाही, असा विचार त्या हसण्यात दिसतो. मग चेतन भगतचं नाव आलंच. एकाला भगतच्याच 'हाफ गर्लफ्रेंड'मधला माधव झा जवळचा वाटतो. बिहारहून दिल्लीच्या नावाजलेल्या कॉलेजात आलेला, इंग्रजीत मुलाखत देताना अडखळणारा मुलगा. "तो मी आहे," एवढंच तो म्हणाला.

[वाचनालय. कपाटांमधली अरुंद वाट. खिडकीजवळ बसलेल्या एक वाचक.]

या ताईंचं मत वेगळं आहे. सोळाव्या वर्षी त्यांनी हीच पुस्तकं एका रात्रीत संपवली होती, तिशीनंतर पुन्हा उघडली. 'फाइव्ह पॉइंट समवन'मधली प्राध्यापकांची मुलगी नेहा नायकाच्या गोष्टीपुरतीच उरते, हे त्यांना दुसऱ्या वाचनात दिसलं. आणि माधव? आपल्या खोलीत मैत्रिणीवर जबरदस्ती करू पाहणारा हा नायक पुढे वाचकाची सहानुभूती मिळवतो, हे त्यांना मान्य नाही. आम्हालाही नाही. २०१६ मध्ये भगतनं पूर्ण कादंबरी एका मुलीच्या तोंडून सांगितली. ताईंना त्यातही पुरुषाचाच आवाज ऐकू आला. शेवट सिनेमासाठी लिहिल्यासारखे वाटतात, असंही त्या म्हणतात. सिनेमे निघालेही, आणि 'फाइव्ह पॉइंट समवन'वरून निघालेल्या '३ इडियट्स'च्या श्रेयावरून वाद झाला. दिल्ली विद्यापीठात २०१७ मध्ये ही पहिली कादंबरी लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासक्रमात घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही गदारोळ झाला.

[कपाटाचा खालचा कप्पा. बाइंडिंग केलेल्या, कडा झिजलेल्या रहस्यकथा.]

याच कपाटाच्या तळाशी बाबूराव अर्नाळकर आहेत. हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. घरोघरी लोक त्या वाचत, आणि वाङ्मयाच्या चर्चेत मात्र त्यांना जागा नव्हती. शेजारी सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी'. या प्रतीला आतून दोनदा चिकटपट्टी लावलीय, आणि परतीच्या तारखांचे शिक्के एकावर एक पडलेत. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. फक्त आता पुस्तक इंग्रजी आहे, आणि ते हातात घेण्याआधी मुलाला स्वतःची भीती घालवावी लागते. म्हणून आम्ही हा माहितीपट करायला घेतला. ताईंचा आक्षेप खरा आहे. त्या मुलाचं "तो मी आहे"ही खरं आहे.

[पुन्हा फुटपाथ. संध्याकाळ. विक्रेता गठ्ठे बांधतो.]

पेन्सिलवाली प्रत आम्ही विकत घेतली. चाळीसाव्या पानानंतर अर्थ विरळ होत जातात. शंभराच्या पुढे कुठे एखादा शब्द अधोरेखित केलेला, वर काहीच लिहिलेलं नाही. शब्द कळू लागले, की लिहायचा कंटाळा आला, ते पानावरून समजत नाही.

[शेवटचं पान. कॅमेरा स्थिर.]

शेवटच्या पानाखाली त्याच पेन्सिलीनं एक तारीख आहे. तिच्यापुढे मराठीत लिहिलंय: 'पूर्ण. रात्री २.१०'.