दात नुसता लागला होता

नमस्कार मंडळी. आज एका अशा भीतीबद्दल बोलायचंय जी माणूस सहसा कुणाला सांगत नाही, एकटाच घेऊन बसतो. कुत्रं चावलं, म्हणजे चावलं असंही धड म्हणता येत नाही, नुसता दात लागला, बारीकशी रेघ उठली, रक्त आलं की नाही तेही नीट कळलं नाही. आणि मग रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात एकच शब्द फिरत राहतो, रेबीज.

माझ्या बाबतीत हे झालंय म्हणून सांगतोय. ओळखीच्या एकांकडे गेलो होतो, त्यांच्या कुत्र्यानं खेळता खेळता उडी मारली आणि अंगठ्याच्या खाली तळहाताचा जो मांसल उंचवटा असतो ना, तिथं त्याचा दात घासून गेला. ते म्हणाले काही करत नाही हो तो, मीपण म्हणलं जाऊ द्या, त्यात काय. घरी येऊन ट्यूबलाइटखाली हात धरला तर नखाएवढी लालसर रेघ. दाबून बघितलं, रक्त येईना. बायको म्हणाली स्पिरिट लावून बघ, चुरचुरलं तर समज कातडी फुटलीये. लावलं, चुरचुरलं. परत लावलं, या वेळी चुरचुरल्यासारखं वाटलं पण खात्री नाही. रात्री दोन वाजेपर्यंत माझं हेच चाललं होतं, आणि ज्यानं खरा फरक पडतो ते, म्हणजे साबण लावून वाहत्या नळाखाली हात धरणं, ते मी केलंच नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा धुण्याबद्दल सांगतो, कारण सगळे ही गोष्ट ऐकतात आणि उडवून लावतात. १५ मिनिटं धुवायचं असतं, घड्याळ लावून. एक मिनिट झालं की आपल्याला वाटतं झालं स्वच्छ, पण पंधरा मिनिटं म्हणजे खरंच खूप वेळ असतो, हात भरून येतो. या व्हायरसवर चरबीचं एक आवरण असतं, साबणानं ते फुटतं आणि व्हायरस निकामी होतो, इतकं ते साधं आहे. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. लेप, तेल, पूड असलं काही जखमेत भरू नका, गच्च बांधूही नका. आणि काल चावलं आणि धुतलंच नाही असं असेल तर आत्ता धुवा, आता काय उपयोग असा विचार करू नका.

आता मला जे समजून घेतल्यावर खरंच धीर आला ते सांगतो. साप चावला की विष रक्तातून पसरतं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की कुत्र्याच्या बाबतीतही आपण तसंच धरून चालतो, पण रेबीजचा व्हायरस रक्तातून जात नाही, तो नसांतून, म्हणजे मज्जातंतूंतून जातो, आधी जखमेतल्या स्नायूत, मग तिथल्या नसेत, आणि नसेनं हळूहळू वर मेंदूकडे. या प्रवासाला बहुतेक वेळा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर तर कधी वर्षसुद्धा. चेहरा, मान, हात या ठिकाणी चावलं असेल तर धोका जास्त. पण मेंदूत पोचायच्या आत शरीरात त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडीज, म्हणजे त्याला निकामी करणारी प्रथिनं, तयार झाल्या की तो वाटेतच अडतो. चावल्यानंतर लस देऊन वाचवता येतं ते या मधल्या वेळामुळं. आणि एकदा लक्षणं सुरू झाली की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही, हे पण तितकंच खरं, हे मी मऊ करून सांगणार नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी याच मधल्या वेळाचा उपयोग केला. ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई पाश्चर यांच्याकडे घेऊन आली, पिसाळलेल्या कुत्र्यानं बऱ्याच ठिकाणी फाडलं होतं. पाश्चर डॉक्टर नव्हते, त्यामुळं इंजेक्शन दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं, सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनवलेली ती लस होती, दहा-अकरा दिवसांत तेरा इंजेक्शनं झाली. मुलगा जगला, मोठा झाला आणि पुढं पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच केअरटेकर म्हणून राहिला. त्या आईनं त्या दिवसांत काय विचार केला असेल, माझ्या मनात कायम येतं.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुन्या प्रकारच्या लसीची गोष्ट. आता इंजेक्शन दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत, कुल्ल्यात मात्र घ्यायचं नसतं. स्नायूत द्यायचा एक नेहमीचा कोर्स म्हणजे दिवस शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस, कातडीत द्यायची पद्धत असेल तर तारखा वेगळ्या, डॉक्टर सांगतील त्या धरा. शून्य दिवस म्हणजे पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस, चावल्याचा नव्हे, यात पुष्कळ लोक गोंधळतात. एखादा डोस चुकला तर घाबरून सोडून देऊ नका, लगेच जा, पुढं चालू करता येतं, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही ही लस देतात. आधी कधी पूर्ण कोर्स झाला असेल तर दोनच डोस, शून्य आणि तीन, पण ते डॉक्टरांना सांगायला हवं, जुना कागद असेल तर घेऊन जा.

बरं, कुठल्या जखमेला काय. डॉक्टर तीन कॅटेगरी करतात. कुत्र्याला हात लावला, खायला घातलं, त्यानं धड कातडीवर चाटलं, ही पहिली, याला लस लागत नाही. कुत्र्याची वाळलेली लाळ बुटाला लागली, त्याच्या अंगाला पाय घासला, यानंही झोप उडालेली माणसं मी बघितलीयेत, त्यांना सांगतो की व्हायरस बाहेर पडून वाळला की टिकत नाही. दुसरी कॅटेगरी म्हणजे उघड्या कातडीला दात लागला, ओरखडा उठला पण रक्त नाही, याला लस. माझी हीच निघाली. तिसरी म्हणजे दात आत गेला, रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली. याला लस आणि शिवाय इम्युनोग्लोब्युलिन, लोक त्याला सिरम म्हणतात. लसीनं अँटीबॉडीज बनायला आठवडा-दहा दिवस तरी जातात, तोवर तयार अँटीबॉडीज थेट जखमेत आणि जखमेच्या आजूबाजूला टोचतात. दुखतं ते. पण रक्त आलं असेल आणि सिरमचा विषय निघालाच नाही तर तुम्ही स्वतः काढा, डॉक्टर सिरम लागेल का, एवढं विचारा. पहिल्या डोसनंतर सात दिवसांपर्यंतच ते देतात.

म्हणजे जखम किती मोठी याला फारसा अर्थ नाही हे लक्षात आलं असेल. पिल्लूच होतं, पाळलेलंच होतं, खेळताना लागलं, ही तीन वाक्यं ऐकली की मला खरंच धडकी भरते. पिल्लालाही रेबीज होतो. आणि टेस्ट करून बघू का असं जे विचारतात त्यांना सांगायचंय की लक्षणं दिसायच्या आधी हा आजार आत आहे की नाही हे सांगणारी कुठलीही रक्ताची टेस्ट नाही. म्हणून ठरवायचं ते पहिल्याच दिवशी.

मग कुत्र्यावर लक्ष ठेवायचे ते दहा दिवस. कुत्र्याच्या लाळेत व्हायरस येतो तो त्याला लक्षणं दिसायच्या थोडेच दिवस आधी, आणि एकदा लाळेत आला की ते कुत्रं काही दिवसांत आजारी पडून मरतं. त्यामुळं चावल्यानंतर दहा दिवस ते ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत व्हायरस नव्हता, हा हिशोब पक्का आहे. पण लस न घेता वाट बघत बसायला हे दहा दिवस नाहीत, डोस चालू ठेवायचे आणि कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, दहा दिवसांनी पुढचे डोस घ्यायचे की थांबवायचे ते डॉक्टर सांगतात. मी रोज संध्याकाळी कुत्र्याच्या मालकांना फोन करायचो, कसा आहे तो. मस्त आहे, आज चप्पल फाडली. दुसऱ्या दिवशी परत, कसा आहे. अकराव्या दिवशी त्यांनी स्वतःहून त्याचा व्हिडिओ पाठवला, गादी ओढत होता.

आणि खरं सांगतो, तरीसुद्धा भीती गेली नाही. इथून पुढचं मी त्यांच्यासाठी बोलतोय ज्यांचे डोस झालेत, कुत्रंही जिवंत आहे, आणि तरी रात्री मोबाईल घेऊन सर्च करतायत. मी वाचलं होतं की रेबीजमध्ये सुरुवातीला चावल्याच्या जागी मुंग्या येतात. झालं, हाताला मुंग्या यायला लागल्या. दिवसभर त्या जागेकडे बघत होतो, चोळत होतो, मग येणारच ना. दुसरं म्हणजे पाणी, रेबीजमध्ये पाणी गिळताना घसा आवळतो ना. मी तासातासाला उठून ग्लासभर पाणी पिऊन बघायचो, घोट उतरतोय का, घसा आवळतोय का, आणि टेन्शनमुळं घसा कोरडा पडलेलाच असायचा म्हणून प्रत्येक घोट अडल्यासारखा वाटायचा. रोज नवीन शंका, लस थंड ठेवली असेल का, सुई नीट गेली का, तो व्हिडिओ जुना तर नसेल.

शेवटी हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं. त्यांनी हात नीट हातात घेऊन बघितला, डोसचं कार्ड बघितलं, प्रत्येक तारखेवर बोट ठेवून म्हणाले हे झालं, हे झालं, हेही झालं, आता घरी पाणी पिऊन बघायचं बंद करा, तहान लागली तरच प्या. ते कार्ड मी उशाशी ठेवायचो, शंका आली की सर्च करण्याऐवजी कार्ड बघायचं असं ठरवलं, आणि तीन-चार आठवड्यांत ते हळूहळू सुटलं. नाही सुटलं तर या चिंतेवरही उपचार आहेत बरं का, महिनोन्महिने कुढत बसू नका, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

पण माझ्यासारखं जास्त घाबरणाऱ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती अजिबात न सांगणाऱ्यांची, आणि ती बहुतेक मुलं असतात. पिसाळल्याची शंका असलेली जनावरं ज्यांना चावतात त्यातले ४० टक्के जण १५ वर्षांच्या आतली मुलं असतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलं सांगत नाहीत कारण रागावतील, कुत्र्याच्या वाटेला गेलासच कशाला म्हणतील, इंजेक्शन देतील. तेव्हा मूल हात मागं लपवून आलं, पायावर ओरखडा दिसला, तर आवाज न चढवता विचारा. काही निघालं तर लगेच नळाखाली घेऊन जा, साबण लावा, आणि ती पंधरा मिनिटं नळ चालू असताना त्याच्याशी बोलत राहा. कुठं चावलं, कुठलं कुत्रं, ओळखीचं का, आपण काही केलं नसताना चावलं का, आणखी कुणाला चावलं का. तेवढ्या वेळात सगळं कळतं, आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर नेमकं हेच विचारतात.