एकशे दहा दिवसांचा पाठलाग

श्रोतेहो, नमस्कार. आज समुद्राची गोष्ट. गडचिरोली-गोंदियाकडून समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका. गोष्ट चोरट्या शिकारीची आहे, आणि ती काही आपल्याला नवी नाही.

अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात टूथफिश नावाचा मासा मिळतो. पन्नास-पन्नास वर्षं जगतो, आणि भाव असा की त्याला ‘पांढरं सोनं’ म्हणतात. तो कुणी धरायचा, किती धरायचा, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ‘थंडर’ नावाचं जहाज ते नियम धाब्यावर बसवून वर्षानुवर्षं जाळी टाकत होतं. नाव बदलायचं, झेंडा बदलायचा, पुन्हा जाळी. २०१३ मध्ये इंटरपोलनं, म्हणजे देशोदेशीच्या पोलिसांच्या संघटनेनं, नोटीस काढली. नोटीस निघाली आणि थंडर फिरतच राहिलं.

१७ डिसेंबर २०१४. ‘सी शेफर्ड’ या समुद्री जीव वाचवणाऱ्या खासगी संघटनेच्या ‘बॉब बार्कर’ जहाजानं त्याला गाठलं. बॉब बार्कर हे अमेरिकेतले टीव्हीवरचे सूत्रधार होते. त्यांनी संघटनेला ५० लाख डॉलर दिले, म्हणून जहाजाला त्यांचं नाव. आपल्याकडे देवळाला पंखा दिला तरी तिन्ही पात्यांवर नाव लागतं, मग जहाजाला लागलं तर काय बिघडलं! असो.

थंडर जाळी पाण्यातच सोडून पळालं. बॉब बार्कर मागे लागलं. ‘सॅम सायमन’ हे संघटनेचं दुसरं जहाज तिथेच थांबून जाळी ओढत राहिलं. किती जाळं निघालं? ७२ किलोमीटर. पुन्हा सांगतो, ७२ किलोमीटर. नागपुरातून अंथरत निघालात तर भंडारा मागे पडेल. नवेगावबांधच्या ढिवर भावांनी तेवढं जाळं फक्त डोळ्यांपुढे आणून पाहावं.

मग सुरू झाला पाठलाग. बर्फातून, वादळातून, हिंदी महासागरातून, आफ्रिकेला वळसा घालून थेट अटलांटिकमध्ये. एकशे दहा दिवस! या संघटनेच्या जहाजांवर मांस-मासळी तर नाहीच, दूधही चालत नाही. म्हणजे एकशे दहा दिवस बिनदुधाचा चहा. मला वादळापेक्षा तेच कठीण वाटतं.

६ एप्रिल २०१५ ला साओ टोमे या बेटाजवळ थंडरवरून हाक आली, बुडतोय, वाचवा. चाळीस माणसं, बहुतेक इंडोनेशियाची गरीब पोरं, तराफ्यांवर उतरली. त्यांना कुणी वाचवलं? पाठलाग करणाऱ्यांनीच. तेवढ्यात बॉब बार्करचे काही जण बुडत्या थंडरवर चढले. पाणी अडवणारी दारं कुणीतरी मुद्दाम उघडी बांधून ठेवलेली, आणि खाली कोठारात मासे. त्यांनी फोटो काढले, हाती लागला तो पुरावा उचलला. जहाज पाण्याखाली गेलं तेव्हा थंडरच्या कप्तानानं आनंदानं आरोळी ठोकली. पुढे साओ टोमेच्या न्यायालयानं त्याच्यासह तिघांना दोषी ठरवलं आणि दीड कोटी युरोपेक्षा जास्त दंड लावला.

पारावर ही गोष्ट सांगितली की हमखास कुणीतरी विचारतो, “मंग पहिल्याच दिवशी पकडलं काऊन नाही?” कारण भर समुद्रात जहाजावर हुकूम चालतो तो ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा. खासगी माणसाला अटकेचा अधिकार नाही. पाठ धरायची, पुरावा गोळा करायचा, एवढंच त्याच्या हाती. संघटना संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या निसर्ग सनदेचा आधार सांगते, पण ती सनद कुणावर बंधनकारक नाही. याच संघटनेच्या संस्थापकांनी, पॉल वॉटसन यांनी, १९७९ मध्ये देवमासे मारणाऱ्या एका जहाजाला टक्कर दिली होती. २०१३ मध्ये जपानी देवमासेमाऱ्यांच्या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयानं तर या मंडळींना चाचेच म्हटलं. मला विचाराल तर टक्कर देणं मला पटत नाही. पाठ न सोडणं पटतं.

आपल्याकडे जंगलासाठी कायद्यात वाट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ५५. सरकारला ६० दिवसांची नोटीस दिली की कुणीही सामान्य माणूस शिकारीच्या गुन्ह्याची तक्रार थेट न्यायालयात करू शकतो. कलम ५५, नोटीस ६० दिवसांची. नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टानंच धाडा, आणि पावती ट्रंकेत ठेवा, खिशात नको.