बेडकीचे बोलणे कातडीवरून ऐकताना

श्रोतेहो, दंड आवळला की वर येणाऱ्या उंचवट्याला आपण बेडकी म्हणतो. लॅटिनमध्ये स्नायूसाठी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ लहानसा उंदीर असा होतो. कातडीखाली काहीतरी जिवंत वळवळते आहे, हे दोन्ही भाषांच्या लक्षात आले होते. परंतु बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ मध्ये स्नायू आणि वीज यांचे नाते मांडले ते बेडकाच्याच तंगड्यांवरून, तेव्हा नेम आपल्या भाषेचा अधिक अचूक लागला असे म्हणायला हरकत नाही. मागच्या रांगेतूनही हसू आले, याचा अर्थ ध्वनिवर्धक चालू आहे.

कातडीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला मिळणारा स्नायूंचा विद्युतसंकेत गणिताने कसा घडवून दाखवायचा, आणि त्या संकेतावरून उलट मागे जाऊन मज्जारज्जूने दिलेली आज्ञा वाचता येते का, हा आजचा विषय आहे. यातल्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी निम्मा वेळ राखून ठेवला आहे. पडद्यावरच्या रेघेची उंची म्हणजे स्नायूचा जोर, असे समीकरण मांडण्याचा अधिकार ती रेघ घडते कशी हे मांडल्याशिवाय कोणालाही मिळू नये, असे माझे मत आहे आणि त्यामागे एक जुनी फजिती आहे.

विद्यार्थिदशेत आम्ही दोघे मित्र एकमेकांच्या दंडावर इलेक्ट्रोड लावत असू. माझा दंड काडीसारखा, तरी माझी रेघ पडदाभर नाचायची. मित्र रोज तालमीत जाणारा, आणि त्याची रेघ जवळजवळ सपाट. आम्ही तारा बदलल्या, नवे डाग दिले, कातडी स्पिरिटने पुसून पुसून लाल केली. (१८४९ मध्ये द्यु ब्वा-रेमों या जर्मन शास्त्रज्ञाने याच कामासाठी हातांवर फोड आणून कातडीच काढली होती, मित्राने त्याला ठाम नकार दिला.) घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण संकेतात मिसळत असेल म्हणून पंखे आणि ट्यूबलाइट बंद केल्या आणि एप्रिलच्या उकाड्यात अंधारात बसलो. चौथ्या दिवशी घामाने इलेक्ट्रोड सुटले, घाईत ते कोपराच्या बाजूला बोटभर खाली चिकटवले, आणि रेघ उसळली.

घडले होते ते असे. चेतातंतू स्नायूतंतूंना साधारण त्यांच्या मध्यभागी भेटतात आणि तिथून विद्युतलहर दोन्ही टोकांकडे, सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने, धावत सुटते. आमचे दोन इलेक्ट्रोड त्या भेटीच्या जागेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर बसले होते. दोघांनाही एकाच क्षणी जवळजवळ एकच लहर दिसत होती आणि दोहोंतला फरक तेवढा मोठा करणाऱ्या प्रवर्धकाने प्रामाणिकपणे वजाबाकी करून शून्य हाती ठेवले होते. आम्ही मात्र चार दिवस त्या बिचाऱ्या प्रवर्धकालाच खोलत होतो. हे हसण्यावारी नेता आले असते. पण अलीकडेच अगदी अशाच जागी इलेक्ट्रोड लावलेला एक अहवाल माझ्या पाहण्यात आला, कुठला ते सांगत नाही, आणि त्याखाली ‘स्नायू दुर्बळ’ असा शेरा होता.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे राखून ठेवलेला निम्मा वेळ आता पाच मिनिटांचा झाला.

संकेत घडवून दाखवणारे गणिती प्रतिमान तळापासून बांधावे लागते. एका तंतूवरून धावणाऱ्या लहरीचा आकार रोझेनफाल्कने १९६९ मध्ये एका छोट्या सूत्रात बसवला. एका चेतापेशीच्या ताब्यातील सर्व तंतूंच्या लहरींची बेरीज म्हणजे एका मोटर युनिटचा ठसा. तो कातडीपर्यंत पोहोचताना स्नायूतून, जो तंतूंच्या दिशेने वीज अधिक सहज वाहू देतो, आणि चरबीच्या थरातून जातो. थर जितका जाड, तितका ठसा बुटका आणि पसरट. फ्युगलव्हँड, विंटर आणि पाटला यांच्या १९९३ च्या प्रतिमानात अशी १२० युनिटे आहेत. लहान युनिटे आधी कामाला लागतात, मोठी नंतर, आणि जोर वाढेल तशी प्रत्येकाच्या ठोक्यांची, म्हणजे लहरी सोडण्याची, गती वाढते.

ही सारी बेरीज केली की पेच दिसतो. ठशांना धन आणि ऋण अशी दोन्ही अंगे असल्याने ती एकमेकांना खोडतात. एकमेकांशी ताळमेळ नसलेली, सारख्याच ठशाची युनिटे दुप्पट केली, तर संकेताचे वर्गमाध्यमूळ, म्हणजे ढोबळमानाने रेघेची सरासरी उंची, दुप्पट न होता सुमारे १.४ पटच होते. खऱ्या हातात खोडले गेलेले दिसत नाही, प्रतिमानात ते मोजता येते.

आता उलटा प्रवास. इलेक्ट्रोडच्या एकाच जोडीवरून तो शक्य नाही, कारण तीच रेघ असंख्य प्रकारे घडू शकते. मात्र ६४ इलेक्ट्रोडची जाळी लावली, तर प्रत्येक युनिटचा ठसा जाळीवर निराळ्या नक्षीत उमटतो आणि होलोबार व झाझुला यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने युनिटे वेगळी काढून त्यांचे ठोके वाचता येतात. हाती लागतात ती बहुधा मोठी आणि कातडीलगतची. खोलवरची लहान युनिटे गर्दीत हरवतात, हे मला सविस्तर सांगायचे होते.

घंटा झाली. यंत्र बाहेर टेबलावर मांडले आहे, ज्यांना आपली बेडकी ऐकायची असेल त्यांनी बाही दुमडून यावे. इलेक्ट्रोड मी आधी मुद्दाम चुकीच्या जागीच लावणार आहे.