अणू बनतो क्षणात, घाम फुटतो तो बाहेर काढताना

नमस्कार मंडळी! लिथियम-११. मी एवढं म्हणेपर्यंत समोरचा अख्खा ढीग जवळजवळ संपला असता, कारण या अणूचं अर्धायुष्य, म्हणजे ढिगातले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ, जेमतेम ९ मिलिसेकंद आहे. (नावातले ११ म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून.) तरी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत असल्या अणूंचे बीम, म्हणजे झोत, बनवतात, वळवतात आणि मोजतातसुद्धा.

सर्नमधल्या या विभागाचं नाव आयसोल्ड, १९६७ पासून चालू. असे अल्पायुषी अणू बनवून लगेच बाहेर काढायची कल्पना त्याहून जुनी आहे. १९५१ साली कोपनहेगनमध्ये कोफोड-हान्सेन आणि निल्सन यांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि त्यातून निघालेला किरणोत्सारी क्रिप्टॉन थेट आयन-स्रोतात, म्हणजे अणूंना विद्युतभार देऊन त्यांचे आयन करणाऱ्या यंत्रात, नेला. क्रिप्टॉन पडला वायू, आपणहून बाहेर आला. बाकीची मूलद्रव्यं इतकी गुणी नाहीत.

आयसोल्डमध्ये १.४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडच्या जाड टार्गेटवर आदळतात. केंद्रकं फुटतात आणि तुकडे आतच अडकतात. म्हणून टार्गेट सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवलेलं असतं. अणू झिरपत झिरपत बाहेर येतात, वाटेत विघटन झालं नाही तर! कौतुक सगळं प्रोटॉनना वेग देणाऱ्या त्वरकाच्या वाट्याला जातं, पण माझ्या मते खरी करामत या भट्टीची. टार्गेटचे कण नॅनोमीटरच्या मापाचे ठेवले की अणूला पृष्ठभाग गाठायला कमी अंतर पडतं. मात्र एवढ्या उष्णतेत ते कण चिकटून मोठे होऊ लागतात, म्हणून मध्ये कार्बनच्या नॅनोनलिका मिसळून पाहिल्या.

बरं, अणू बाहेर आला, पण गर्दीतून. पुढचा चुंबक फक्त वस्तुमान बघतो. तो चाळणीसारखा, तांदळाच्या मापाचा खडा तांदळाबरोबरच जाणार. खडा वेगळा करायचा तर मूलद्रव्य ओळखायला हवं, आणि ते काम लेझर करतात. प्रत्येक मूलद्रव्यातल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या वेगळ्या. नेमक्या रंगांचे दोन-तीन लेझर एकदम टाकले की हव्या त्या अणूचा इलेक्ट्रॉन पायरी पायरीने वर चढून सुटतो आणि अणूचा आयन होतो. दुसऱ्या मूलद्रव्याला त्या रंगांचं सोयरसुतक नसतं.

यातून एक बोनसही मिळाला. लेझरचा रंग किंचित सरकवत गेलं की केंद्रकाच्या आकाराचा अंदाज येतो. पाऱ्याचे न्यूट्रॉन एकेक करून कमी केले, तर केंद्रक आलटून पालटून लांबट आणि जवळपास गोल होतं, हे आयसोल्डमध्येच १९७० च्या दशकात दिसलं होतं. हा झोका थांबतो कुठे? उत्तर यायला २०१८ उजाडलं. पारा-१८१ हा शेवटचा लांबट; त्याहून हलके पुन्हा गोलाकडे झुकतात.

सगळं जमलंय असं मात्र नाही. सोडियमसारखे अल्कली धातू गरम नळीला टेकले तरी आयन होतात, लेझरला विचारतच नाहीत, आणि नको असताना बीममध्ये घुसतात. टंगस्टन, टँटालम उष्णतेला दाद देत नाहीत म्हणून भट्टीसाठी वापरतात. त्यांचेच किरणोत्सारी समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले भाऊबंद, बाहेर काढायचे तर पंचाईत! बोरॉनही तसाच हट्टी. त्याच्यासाठी टार्गेटमध्ये फ्लोरिनयुक्त वायू सोडतात, मग तो फ्लोराइडचा रेणू बनून बाहेर पडतो.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, २०२२ साली प्रयोगांसाठी खुल्या झालेल्या फ्रिब केंद्रात, मुळात ही भट्टीच टाळतात. तिथे जड आयन पातळ टार्गेटमधून आरपार पाठवतात आणि तुकडे त्याच वेगाने पुढे निघतात. ते आवरायचे कसे, हे पुढच्या व्हिडिओत.