कठोरपणे, काटेकोरपणे, सक्तीने

नमस्कार श्रोतेहो.

१ जून ते ३१ जुलै. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. मे संपत आला की बातम्यांत आणि सूचनाफलकांवर हमखास वाचायला मिळतं, 'बंदीची कठोरपणे अंमलबजावणी होणार.' मला हे 'कठोरपणे' खटकतं.

अंमलबजावणी व्हायला हवी ती काटेकोरपणे. तारीख पुढेमागे नको, एकाला दंड आणि दुसऱ्याला सूट नको. काटेकोरपणात राग नसतो. औषधाची मात्रा मोजून देणारी आजी काटेकोर असते, तिला कोणी कठोर म्हणत नाही. कठोरपणा येतो तो बंदी मोडणारा समोर उभा राहिल्यावर. त्याची गय करायची नाही, तिथे 'कठोरपणे' शोभतं. एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली, तरी कारवाईची मागणी करायला पारंपरिक मच्छीमारांना रस्त्यावर उतरावं लागलं. त्यांना दोन्ही हवंय, आणि माझ्या मते आधी काटेकोरपणा.

'सक्तीने' त्याहून निराळं. समोरच्याची इच्छा नाही, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. थकबाकी सक्तीने वसूल होते. पण पावसाळ्यात दर्या बंद ठेवायला वल्ह्याशिडाच्या काळात कुणाची सक्ती लागत नव्हती. होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, पडवीत बसून फाटकी जाळी सांधायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग दर्यात. पुढे इंजिनं आली, खवळलेल्या पाण्यातही जाता येऊ लागलं. हा तर माशांच्या विणीचा हंगाम. मग १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला.

आता जरा कान देऊन ऐका. घरात 'कठोरपणे' म्हणतं कोण? ही 'पणे'ची शेपटी कचेरीतली. बोलताना आपण जरब थेट क्रियापदातच घालतो: खडसावलं, दरडावलं, बजावलं, झापलं. तुम्हीच बघा, 'बाबा कठोरपणे बोलले' यापेक्षा 'बाबांनी खडसावलं' यात बाबा जास्त दिसतात! आणि विशेषण वापरलंच, तर शेपटीवाचून भागतं. तो कडक बोलला. सक्त बजावलंय. दोरी घट्ट बांध.

मालवणी तांडेलाला तर तेवढंही लागत नाही. आभाळ बघून तो म्हणतो, "आज दर्यात जावचा नाय म्हंजे नाय!"