एका सामन्याचे ११८ कोटी

गावची जत्रा. हलगी कडाडतेय. दहा-अकरा वर्षांची दोन पोरं लाल मातीत भिडलीत आणि माईकवरून पुकारा होतोय, शंभर रुपये इनाम! एकाची पाठ मातीला लागते. पंच दुसऱ्याचा हात वर करतात आणि नोट तिथंच त्याच्या मातकट मुठीत येते. पैसा कुणी दिला, कुणाला मिळाला, सगळं गाव बघत असतं. इथं कुणी विचारत नाही, पैलवानाला जास्त मिळाले का?

तो प्रश्न रंगला नोव्हेंबर २०२४ मध्ये. जेद्दाहला झालेल्या आयपीएलच्या लिलावात लखनौच्या संघानं क्रिकेटपटू ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले आणि टपरीटपरीवर एकच विषय: एका खेळाडूला एवढे?

हिशेब करूया. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामने ४१०. म्हणजे एकही चेंडू पडण्याआधी एका सामन्याचे ११८ कोटी. पंतचे २७ कोटी अख्ख्या हंगामाचे आहेत! सामन्याचं मानधन वगैरे धरून २०२५ ला एका संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त १४६ कोटी खर्चता येत होते. दहा संघांचे झाले १,४६०. प्रक्षेपणाचे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. तिकिटं, प्रायोजक सोडूनच द्या, तरी रुपयातले पंधरा पैसे खेळाडूंचे. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंना कमाईचा जवळपास निम्मा वाटा मिळतो, कारण तिथं त्यांची संघटना मालकांसमोर बसून करार करते. आपल्या खेळत्या क्रिकेटपटूंची अशी संघटनाच नाही.

आणि जोखीम? डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर हाच पंत पंधरा महिने मैदानाबाहेर होता.

तेव्हा पंतला जास्त मिळालेले नाहीत, हे आम्ही ठामपणे म्हणतो. आम्हाला सलतं ते वेगळंच. ज्या खेळाचं प्रक्षेपण विकलं जात नाही, त्यातल्या माणसानं घाम किती गाळला, हे कुणी मोजतच नाही. दूध, तूप, बदाम... पैलवानाच्या खुराकापायी घरातलं काय काय विकलं जातं, हे कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत जाऊन विचारा.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. स्वागताला बैलगाड्यांची रांग लागली.

मिरवणूक संपली, तेव्हा सरांचं देणं बाकीच होतं. ऑलिम्पिकवीर पुन्हा लांग चढवून आखाड्यात उतरला, इनामाच्या कुस्त्या मारल्या आणि सरांचे पैसे परत केले.