पाणी योजनेतली जोखीम कोणाच्या खात्यावर?

मित्रहो, पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे द्यावा की नाही, यावर आपल्याकडे सभा गाजतात, मोर्चे निघतात. त्या वादाला मी कमी लेखत नाही. पण आज मला करारनाम्यातल्या एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. योजना फसली तर पैसा कोणाचा बुडणार, हे करारात कुठेतरी लिहिलेलं असतं आणि ते पान फार थोडे लोक वाचतात. माझं म्हणणं सरळ आहे : ज्याच्या हातात जी गोष्ट आहे, तिची जोखीम त्यानेच उचलावी. तसं झालं नाही की करारात काहीही लिहिलेलं असो, भुर्दंड फिरून नागरिकांवरच येतो.

पाण्याच्या धंद्याचं मूळ दुखणं आधी सांगतो. इथे बहुतेक पैसा सुरुवातीलाच जमिनीत जातो. मुख्य जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र, जलकुंभ, गल्लीबोळांतल्या वितरण वाहिन्या. वसुली मात्र वीस-पंचवीस-तीस वर्षं, दरमहा थोडी थोडी. रस्त्याखाली पुरलेली वाहिनी उपटून कोणी दुसऱ्या गावात नेत नाही, त्यामुळे कंपनी एकदा आत आली की तिचा पैसा अडकला. पाणीपट्टी ठरवायची महापालिकेच्या सभागृहाने किंवा सरकारने, आणि निवडणूक तोंडावर आली की दरवाढीचा विषय तहकूब होतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यात जमिनीखाली नक्की काय आहे हे कोणालाच धड ठाऊक नसतं. नकाशात आठ इंची वाहिनी दाखवलेली असते, खोदल्यावर सहा इंची निघते, तीही गंजलेली. व्हॉल्व्ह तर डांबराच्या थराखाली कधीच गाडला गेलेला असतो. तो कुठे आहे हे फक्त जुन्या व्हॉल्व्हमनला माहीत, आणि तो निवृत्त झालेला.

आता मनिलाकडे येतो. तिथे जरा थांबणार आहे, कारण जोखीम चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडली की काय होतं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. 1997 मध्ये फिलिपिन्स सरकारने राजधानीच्या पाणीपुरवठ्याचे दोन भाग केले आणि 25 वर्षांच्या कराराने दोन कंपन्यांना दिले. पूर्वेला मनिला वॉटर, पश्चिमेला मायनिलाड. जी कमीत कमी दर मागेल तिला काम, अशी निविदा होती. तेव्हाचा दर घनमीटरला 8.78 पेसो होता; पूर्वेची बोली 2.32 ला गेली, पश्चिमेची 4.97 ला. लोकांना आनंद झाला, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं.

जुन्या सरकारी जलमंडळाच्या डोक्यावर परदेशी चलनातलं मोठं कर्ज होतं. त्याचे हप्ते नव्या कंपन्यांनी सवलत शुल्कातून, म्हणजे योजना चालवायच्या हक्कापोटी सरकारी मंडळाला द्यायच्या रकमेतून, भागवायचे होते, आणि त्यातला सुमारे 90 टक्के भार पश्चिमेच्या वाट्याला आला होता. कंपन्यांनी ताबा घेतला 1 ऑगस्ट 1997 रोजी. त्याच्या तीनच आठवडे आधी आशियाई आर्थिक संकटात पेसो कोसळायला लागला होता. डॉलर 26 पेसोंच्या आसपास होता, तो काही महिन्यांत 40 च्या पुढे गेला. पश्चिमेची कमाई पेसोत, देणं डॉलरमध्ये. विनिमयातला तोटा दरातून भरून काढायची मुभा करारात होती, पण ती उरलेल्या सगळ्या वर्षांवर पसरून. हप्ता आज भरायचा आणि वसुली दोन दशकांत करायची! त्यात एल निनोमुळे धरणातलं पाणीही आटलं.

मार्च 2001 मध्ये मायनिलाडने सवलत शुल्क भरणं थांबवलं. त्याच वर्षी करारात दुरुस्ती करून तोटा लवकर वसूल करायची परवानगी मिळाली, म्हणजे पश्चिम मनिलाच्या नळधारकांचं बिल वाढलं. तरी भागेना. 2002 च्या अखेरीस कंपनीने करार सोडण्याची नोटीस दिली, प्रकरण लवादाकडे आणि पुढे न्यायालयात गेलं. 2005 मध्ये बहुतांश मालकी पुन्हा सरकारी मंडळाकडे आली आणि 2007 मध्ये नव्या खासगी मालकांकडे गेली. पेसोचा भाव ना मायनिलाडच्या हातात होता, ना नळासमोर बादली लावणाऱ्या बाईच्या. मग ती जोखीम त्यांच्यावर टाकलीच कशी, हा माझा प्रश्न आहे. शेजारची पूर्वेची कंपनी त्याच वादळातून तगली, तेव्हा सगळा दोष कारभारावर टाकून आपल्याला मोकळं होता येत नाही. दोघींच्या खांद्यावर सारखं कर्ज नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण तिरुपूरचं. होजिअरीचं गाव, कापड रंगवायला पाणी हवं, आणि नोय्यल नदी रंगाच्या सांडपाण्याने नासलेली. तमिळनाडू सरकार, पायाभूत सुविधांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस आणि तिथले निर्यातदार यांनी मिळून एक कंपनी काढली. सुमारे 1,000 कोटींचा खर्च, दिवसाला 185 दशलक्ष लिटर पाणी, तीस वर्षांचा करार. कारखान्यांनी चढा दर द्यायचा, त्यातून घरगुती नळ स्वस्त ठेवायचा, असा हिशोब. कल्पना खरोखर चांगली होती. पण न्यायालयाने डाइंग युनिटना एक थेंबही सांडपाणी बाहेर सोडू नका म्हटल्यावर ती पाणी शुद्ध करून पुन्हा वापरू लागली आणि नव्या पाण्याची मागणी घटली. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने प्रदूषण करणारी युनिटं बंदच करायला लावली. तो आदेश योग्यच होता; नदीकाठच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला होता. पण पाणी कंपनीचं मुख्य गिऱ्हाईक एका दिवसात गेलं.

नागपूरबद्दल थोडक्यात. 2012 पासून अख्ख्या शहराचा पुरवठा 25 वर्षांसाठी खासगी चालकाकडे आहे. वाद भरपूर झाले, त्यातले बरेच रास्त होते. एक गोष्ट मात्र मला पटते : चालकाचा मोबदला बिल होऊन वसूल झालेल्या पाण्याशी जोडलेला आहे. गळती शोधणं, मीटर बसवणं, चोरीचे जोड तोडणं हे चालकाच्या हातातलं काम, तेव्हा त्यातला नफा-तोटाही त्याचाच.

सांडपाण्याचं दुखणं वेगळं. स्वच्छ पाण्याला गिऱ्हाईक तरी असतं. मैलापाणी शुद्ध करायला स्वखुशीने पैसे कोण देणार? म्हणून नमामि गंगेत, म्हणजे गंगा स्वच्छ करण्याच्या केंद्राच्या योजनेत, हायब्रिड ॲन्युइटी पद्धत आणली. सरकारने कंपनीला बांधकामाच्या काळात भांडवली खर्चाचे 40 टक्के द्यायचे, उरलेले 60 टक्के पुढच्या 15 वर्षांत व्याजासह, तेही केंद्र नीट चाललं तर. वाराणसी आणि हरिद्वारपासून ही सुरुवात झाली. बँका पुढे आल्या, कारण करारावर केंद्राच्या गंगा अभियानाची सही आहे. आपल्या एखाद्या नगरपरिषदेने हाच करार स्वतःच्या तिजोरीवर केला तर? कर्मचाऱ्यांचे पगार आणि पंपांचं वीजबिल भागवतानाच जिची दमछाक होते, तिच्या पंधरा वर्षांच्या शब्दावर कोणती बँक कर्ज देईल? दिलंच तर एवढ्या चढ्या व्याजाने, की खासगी गुंतवणुकीचा सगळा फायदा तिथेच संपेल. राज्य सरकारने थकहमी देऊन त्या नगरपरिषदेच्या मागे उभं राहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी वाट शुद्ध केलेलं सांडपाणी विकण्याची. नागपुरात भांडेवाडीहून प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं आणि तेवढं धरणाचं पाणी वाचतं. 2016 च्या वीजदर धोरणाने मलजल प्रक्रिया केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारकही केलं. फार चांगलं झालं. पण कोळशावरचे वीजसंच एक ना एक दिवस बंद होणारच, आणि पाण्याचे करार दशकांचे असतात. संच आधी थांबला तर उरलेल्या वर्षांचं पाणी कोण घेणार आणि हप्ता कोण भरणार, ही अट सही करण्याआधी घालावी लागेल. तिरुपूरची युनिटं बंद झाली तेव्हा तीस वर्षांच्या करारातलं पाणी सुरू होऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती.